तुळईखालची झोप

कामरेजजवळ एका शेठचं लाकडी फार्महाऊस उभं राहत होतं, तेव्हा मी तिथे पॉलिशच्या कामावर होतो. छपराच्या तुळया अखंड लाकडाच्या नव्हत्या. फळ्या एकावर एक चिकटवून कारखान्यातून तयार आलेल्या. शेठ रोज वर बघून म्हणायचे, "आ तो गुंदरनुं घर छे!" म्हणजे डिंकाचं घर.

तिथला खानदेशी मिस्त्री वाद घालत नसे. दुपारी भाकरी खाऊन तो नुकत्याच बसवलेल्या तुळईच्या बरोबर खाली गोणपाट अंथरायचा, टोपी तोंडावर ओढायचा आणि घोरायचा. शेठ भिंतीच्या कडेकडेने जायचे. पुढे पुढे तेही तिथेच खुर्ची टाकून चहा प्यायला लागले.

शेवटच्या तुळईला माणूस कमी पडला, म्हणून मीही वर चढलो. त्या दुपारी मिस्त्रीने गोणपाट उचललं आणि थेट अंगणात, कडुलिंबाखाली नेलं. मी त्याच्या मागोमाग गेलो.

"काय हो, डिंकावरचा भरवसा उडाला का?"

"डिंकाचं काही नाही, भो," टोपी ओढत तो म्हणाला, "आजचे बोल्ट तुम्ही आवळले ना!"

मी जरा विचार केला, आणि त्याच्याच शेजारी आडवा झालो.