पंजाबराव घर पाहून येतात

जानेफळात कोणाच्या पोरीची सोयरीक जुळत आली, की लोक दोन दारं ठोठावत. पत्रिकेसाठी भटजीचं आणि घरासाठी पंजाबरावांचं. पत्रिका चुकली तर ग्रहांवर ढकलता येतं, घर चुकलं तर पोरीला जन्मभर भोगावं लागतं, असं पंजाबरावांचं म्हणणं होतं. म्हणून मुलीचं होणारं सासर पाहायला बाप गेला नाही तरी चालेल, पण पंजाबराव जाऊन आले पाहिजेत, असा गावाचा शिरस्ताच पडून गेला होता.

त्यांची पाहायची रीत न्यारी. कळवून कधी जायचे नाहीत. कळवलं की अंगणातला सडासुद्धा पाव्हण्यासाठी पडतो, म्हणत. गाव यायच्या आधीच एस.टी.तून उतरायचं, पायी जायचं, विहिरीवर टेकायचं आणि भलत्याच घराची चौकशी करायची. बायकांना एका घराचं विचारलं, की त्या शेजारच्या चार घरांचं सांगतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. मग गोठा पाहायचा. मग ओसरीवर बसायचं, पण पाणी मागायचं नाही. न मागता कोणी आणून देतं का, ते पाहायचं, आणि आणणाऱ्या सुनेच्या हातातल्या गिलासाकडे न पाहता तिच्या तोंडाकडे पाहायचं. परत आल्यावर निकाल एवढाच, "घर देन्यासारखं हाय," नाहीतर "पाहू पुढं." "पाहू पुढं" म्हणजे विषय मिटला. एकदा मेहकरकडचं एक मातब्बर घर त्यांनी नाकारलं, कारण काय, तर घरचं कुत्रं मालकाला पाहून खाटेखाली दडतं. गाव पोट धरून हसलं. पुढं त्याच घरची मोठी सून अंगावर वळ घेऊन माहेरी आली, तेव्हा हसणाऱ्यांनी तोंडं फिरवली.

या साऱ्याचं मूळ होतं त्यांची थोरली बहीण तानुबाई. बापानं तिची सोयरीक आठवडी बाजारात, बैलाचा सौदा उरकता उरकता ठरवली. घर पाहिलंच नाही. पंजाबराव तेव्हा मिसरूड फुटलेले. दिवाळीला बहिणीला आणायला गेले, तर सासूनं धाडलं नाही. तानुबाई त्यांना वेशीपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "कोनी पाह्यलं असतं तं दिलं नसतं रे मले." ते वाक्य पंजाबरावांच्या काळजात रुतलं ते रुतलंच. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली. पंजाबरावांची बायको सत्यभामाबाई लेकरं लहान असतानाच गेली, तेव्हा त्या लेकरांची आई तानुबाईच झाली.

आणि आता त्या तानुबाईचं डावं अंग गेलं होतं. उन्हाळ्यात लकवा मारला, तेव्हापासून ती ओसरीवरच्या खाटेवर. जीभ जड झाली, पण डोकं शाबूत. निंदणाचे दिवस होते, घरातलं झाडून सारं माणूस शेतात. थोरली सून कलाबाई सकाळी तिचं सारं करून, उशाशी तांब्या ठेवून जायची. तो तांब्या उजव्या हातानं कलला, तर संध्याकाळपर्यंत घशाला कोरड. पाठीला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. मेहकरचे डॉक्टर म्हणाले, यांना दिवसातून किती तरी वेळा कुशीवर वळवायला पाहिजे, तुमच्या घरी ते कोण करणार? मलकापूरला एक आश्रम निघाला आहे, म्हाताऱ्या माणसांचं करतात, जाऊन तरी पाहा.

झालं, पंजाबरावांच्या जिवाची तगमग सुरू झाली. बहिणीला आश्रमात टाकायचं? लोक तोंडात शेण घालतील. आणि ठेवावं तर ती जखम! ते बसत, उठत, डोक्याचा पटका काढत, पुन्हा बांधत. शेवटी एका सकाळी ते उठले आणि "घर पाहून येतो" म्हणून निघाले. एवढ्या घरांना ते गेले, पण हे पहिलंच घर होतं, जे वाईट निघावं म्हणून ते मनातून देवाला विनवत होते.

खामगावला गाडी बदलून मलकापूरला उतरले. आश्रम स्टेशनापलीकडे, एका कापूसवाल्या शेठजीच्या जुन्या गोदामात. विहीर नव्हती, म्हणून समोरच्या चहावाल्याकडे टेकले.

"गोदामात काय चालते बे तिथं?" त्यांनी उगाच विचारलं.

"म्हातारे हायेत, बुवा. रोज चादरींचा ढीग धुतात. माह्या नळाचं पानी पळवतात तेवढ्यापायी," चहावाला करवादला.

पंजाबरावांचं तोंड उतरलं. चादरी रोज धुतात! हे काही बरं लक्षण नव्हतं.

आत शिरले, तर मूत्राचा वास येईल म्हणून नाक तयारच ठेवलं होतं. वास आला फिनाईलचा आणि भाकरीचा. एका खाटेवर महादेवराव नावाचे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ पडून होते, कमरेखाली निर्जीव. एक धिप्पाड नोकर त्यांच्यावर खेकसत होता, "वळ बे बुढ्या, किती जड झाला!" पंजाबरावांना आनंदाची उकळी फुटली. सापडलं! म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात इथं! तेवढ्यात महादेवरावांनी नोकराच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला की आजूबाजूच्या खाटा हसायला लागल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो नोकरच. हसता हसता त्यानं त्यांना कुशीवर घेतलं, बंडी वर केली, पाठीला पावडर चोळली. पंजाबराव पुढं वाकून ती पाठ पाहत राहिले. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. तानुबाईची पाठ डोळ्यांपुढं आली आणि त्यांना तिथं उभं राहवेना.

दाराशी एक म्हातारी रडत बसली होती. पंजाबराव लगबगीनं तिच्याकडे गेले. "काऊन रडता, माय? मारलं कोनी? उपाशी ठेवलं?"

"पोरगा येतो म्हने पोळ्याले. आला नाही," म्हातारी म्हणाली आणि पदरानं नाक पुसून पुन्हा रडायला लागली.

आता हा काय आश्रमाचा दोष? पंजाबराव ओसरीवरच्या बाकावर येऊन बसले. टेकतात न टेकतात, तोच एक उंच, काळीसावळी बाई समोर आली आणि त्यांच्या हातात पाण्याचा गिलास दिला. त्यांनी मागितलं नव्हतं.

"तुमी मघापासून फिरून राह्यले, बसा," ती म्हणाली. "मी सिंधूताई. इथलं सारं मीच पाहते. कोनाले ठेवायचं हाय?"

"बहिनीले," पंजाबराव म्हणाले, आणि जुन्या सवयीनं विचारून बसले, "तुमी कुठल्या? कुळी कोनती?"

सिंधूताईच्या तोंडावरची रेष हलली नाही. "आमी बौद्ध. आता गिलास ठेवता का पेता, ते पाहा. दोन्ही तऱ्हेचे लोक येतात, मले कोनाचंच नवल नाही. पन ठेवायचा असन तं लवकर ठेवा, आतले लोक पान्यासाठी थांबून हायेत."

पंजाबरावांच्या हातात गिलास तसाच राहिला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना दुखावल्यासारखं वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. हवं होतं ते कारण आयतंच हातात आलं होतं. गावात एवढंच सांगितलं, तर पुढं एक अक्षर कोणी विचारणार नव्हतं. सारे माना डोलावतील आणि म्हणतील, बरोबर केलं पंजाबरावांनी. पण न मागता आलेलं पाणी त्यांनी आजवर कोणत्याच घरी टाकलं नव्हतं. आणि सवयीनं त्यांनी तोंडाकडे पाहिलं, तर त्या बाईच्या तोंडावर भीतीचा लवलेश नव्हता. त्यांनी पाणी पिऊन टाकलं. सिंधूताई गिलास घेऊन निघून गेली, थांबलीसुद्धा नाही.

परतीच्या गाडीत मात्र ते कारण त्यांच्याशेजारी बसून आलं. खामगावपर्यंत त्यांनी स्वतःला बजावलं की खरं सांगायचं. खामगावच्या पुढं वाटायला लागलं की सांगावं, पण सारंच कशाला? एवढंच सांगावं. खोटं कुठं आहे ते? खिडकीशी बसले, उठून आत बसले, पुन्हा खिडकीशी आले. कंडक्टर वैतागून म्हणाला, "बुवा, एका जागी बसा ना!"

दिवेलागणीला घरी पोचले, तर शेजारचे किसनराव ओसरीवर येऊन बसलेलेच. गावात बातमी पसरायला वेळ लागतो होय! खाटेवर तानुबाई डोळे उघडे ठेवून पडली होती. तांब्या आडवा झाला होता आणि सारवलेल्या जमिनीनं पाणी केव्हाच पिऊन टाकलं होतं. शेतातून नुकतीच आलेली कलाबाई दाराआड उभी राहिली.

"काय मंग, पंजाबराव? कसं हाय?" किसनराव म्हणाले.

पंजाबरावांनी पटका काढला, मांडीवर ठेवला. "जागा साफ हाय. मानसं बरी हायेत. पन..."

"पन काय?"

"पानी बौद्धाची बाई देते."

"आता काय राह्यलं मंग!" किसनरावांनी मांडीवर थाप मारली. "नाही म्हनून सांगा, अन् सुटा. आपल्या मानसाले तिथं कायले नेता?"

"पाहू पुढं" पंजाबरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात खाटेवरून जड, ओढलेला आवाज आला.

"वक्तावर देते का रे?"

पंजाबरावांनी बहिणीकडे पाहिलं, मग आडव्या तांब्याकडे पाहिलं. दाराआड कलाबाईनं पदर तोंडात कोंबला. तिचा तरी काय दोष होता! ती पहाटेपासून राबून आली होती.

"मी मागतलं नव्हतं, बाई," पंजाबराव म्हणाले. "मागायच्या आधीच देल्लं तिनं."

"अन् तू पेला?"

"पेलो."

कलाबाईनं पाणी आणून तानुबाईच्या तोंडाला लावलं, ते ती घटाघटा प्याली. मग म्हणाली, "मंग म्हन ना. तू कसं म्हनतं लोकाइच्या पोरीइले?"

साऱ्या पंचक्रोशीतल्या लेकींसाठी पंजाबरावांनी ते वाक्य उच्चारलं होतं, बापासारखं, बेधडक. आज हुंदका आधी आला आणि वाक्य मागून आलं. "घर... देन्यासारखं हाय, बाई."

"मंग दे," तानुबाई म्हणाली. "त्या खेपेले आपल्या बुढ्यानं पाह्यलंच नव्हतं. या खेपेले तू पाहून तं आला."

किसनराव उठले, चपला शोधत अंधारात उतरून गेले. कलाबाईनं कंदील लावला आणि म्हातारीचे केस विंचरायला फणी आणली. पंजाबराव खाटेच्या पायथ्याशी बसून बहिणीच्या निर्जीव पायावर हात फिरवत होते. ती त्यांच्याकडे न पाहता, सासरी निघालेली पोर भावाला सांगते तसं म्हणाली, "दिवाळीले न्यायले येजो."