ओव्हनची किल्ली वहदानच्या गळ्यात

वहदान उस्ताला, म्हणजे वहदान मिस्त्रीला, फसवलं, असं सुवेझमध्ये अजून कोणी छातीठोकपणे म्हणालेलं नाही. भाजीवाल्याने तोलून दिलेले टोमॅटो तो घरी आणून पुन्हा तोलायचा. दूध आधी स्वतः हुंगायचा, मग बायकोला हुंगायला लावायचा, आणि ती "चांगलं आहे" म्हणाली की तिच्याकडेच संशयाने बघायचा. मुलीला, सनाला, मागणी घालायला मुलगा आला, तेव्हा चहा द्यायच्या आधी या गृहस्थाने त्याच्या बुटांचे तळ तपासले होते. माणूस कुठे कुठे हिंडतो ते म्हणे तळांवरून कळतं. आता नातवंडं झाली, तरी जावई बिचारा सासऱ्याच्या दारात बूट पुसूनच काढतो.

"या माणसाचा स्वतःच्या सावलीवर विश्वास नाही गं," तहानी, त्याची बायको, शेजारणीला सांगायची. "अजान ऐकली तरी आधी घड्याळ बघतो!"

अताका डोंगराच्या बाजूला विजेच्या कारखान्यांसाठी वाफेचे नळ बनवणारी जी वर्कशॉप आहे, तिथे त्याने सव्वीस वर्षं वेल्डिंग केलं. मग डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तेव्हापासून वेल्डिंगच्या रॉडची कोठी त्याच्या ताब्यात. त्या कोठीत एक कपाटाएवढा ओव्हन आहे. त्यात रॉड दीडशे अंशांवर कायम गरम ठेवायचे, कारण त्यांच्यावरचा लेप हवेतली ओल मिठासारखी ओढून घेतो. आणि तिथलं क्रोमचं पोलाद मोठं मानी! सहाशे अंशांची वाफ वर्षानुवर्षं पोटात घेईल, पण जोडताना थेंबभर ओल खपवून घेणार नाही. ओलीतला हायड्रोजन जोडात शिरतो, गुपचूप बसतो, आणि दोन दिवसांनी जोड आतून उकलतो. भट्टीत साडेसातशेच्या वर शेकून निघेपर्यंत त्या जोडाची शाश्वती नाही.

वहदानला हे कुणी शिकवायला नको होतं. तेवीस वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांदेखत एक नळ फुटला आणि खलफ नावाचा त्याचा जिवलग सोबती वाफेत गेला. चौकशी झाली, कागद झाले, आणि धातूत दोष होता असं ठरलं. वहदान तेव्हा सगळ्यांसमोर ओरडला होता, "धातू लबाडी करत नाही! माणूस करतो आणि धातूवर ढकलतो!" ते वाक्य त्याने जन्मभर सोडलं नाही. ओव्हनची किल्ली सुतळीत ओवून त्याने गळ्यात घातली होती, आणि आंघोळीलाही ती काढायचा नाही.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता जोड उकलायला लागले.

पहिला उकलला तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. होतं एखादं. दुसरा उकलला तो भर दुपारी, माणसं जेवत असताना. टक् असा बारीक आवाज झाला आणि सगळ्यांचे घास हातात राहिले. तिसऱ्यानंतर इंजिनीयर रीहाम स्वतः कोठीत आली. बाई तरुण, पण कामाला खमकी.

"उस्ता, तिन्ही जोड शाझलीचे आहेत."

"मी काय म्हणत होतो?" वहदान म्हणाला. खरं तर तो काहीच म्हणत नव्हता, पण त्या क्षणापासून म्हणायला लागला.

शाझली सोहागकडचा, म्हणजे दक्षिण इजिप्तचा, सईदी. उत्तरेकडच्या लोकांना सईदी दिसला की विनोद सुचतो, पण याच्या हाताला कोणी हसत नसे. चाळिशीचा, अंगाने काटक, तीन मुलींचा बाप. या क्रोमच्या पोलादाला हात लावायचं कार्ड त्याने दोनदा परीक्षा देऊन मिळवलं होतं. ते कार्ड गेलं की पुन्हा गावी जाऊन लोकांच्या फाटकांना बिजागऱ्या जोडत बसायचं, एवढंच त्याच्या नशिबी होतं.

"परवा दुपारी समिती बसतेय," रीहाम म्हणाली. "तोवर त्याला कामावरून बाजूला ठेवलंय. तुमच्या मताला वजन आहे, उस्ता. नीट बघून सांगा."

मग काय! वहदानला आयतंच कोलीत मिळालं. बाकीचे वेल्डर सकाळी सातलाच दिवसभराचे रॉड आपापल्या गरम डब्यात भरून नेत. हा एकटा शाझली दर दोन-तीन तासांनी हजर. थोडेच रॉड न्यायचा, उरलेले परत आणायचा. पुन्हा दहा वाजता, पुन्हा बारा वाजता. एवढ्या खेपा कशाला? चांगले रॉड बाहेर विकून बाजारातले भिकार रॉड वापरत असणार! वहदानने मागच्याच आठवड्यात त्याच्या रॉडच्या बुडाला निळ्या शाईचे ठिपके दिले होते. संध्याकाळी जळून उरलेली सगळी थोटकं मोजली. ठिपके जसेच्या तसे. "म्हणजे याला ठिपके कळले," वहदानने निष्कर्ष काढला. आता बोला!

कामावरून बाजूला ठेवलेला शाझली त्या दिवशी निघाला, तर हा त्याच्या मागे मागे बसच्या अड्ड्यापर्यंत गेला. शाझलीने एका ड्रायव्हरच्या हातात कापडात बांधलेलं गाठोडं दिलं. वहदान खांबाआडून मान काढून बघतोय, तोच शाझली वळला.

"उस्ता! सोहागला निघालात की काय? जागा धरू?"

"मी... मी आपला हवा खायला आलोय."

"डिझेलची हवा? बरी लागते का?" शाझली हसला, पण हसणं ओठांवरच राहिलं. "आईचं औषध पाठवलं. उघडून दाखवू का?"

वहदान तणतणत घरी आला. "एवढं तत्परतेने उघडून दाखवतोय म्हणजे नक्की काहीतरी असणार," असं तो तहानीला म्हणाला.

"आणि नसतं दाखवलं तर?"

"तर मग होतंच!"

तहानीने कपाळाला हात लावला. "सनाचे बाबा, त्याच्या पोरींचा शाप घेऊ नका हो. उद्याची उसळ भिजत घातलीय, ती तेवढी जेवा वेळेवर. डॉक्टरांनी गार खाऊ नका म्हणून सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी रीहामने शाझलीला एक जोड करून दाखवायला सांगितलं. दुपारी दोनला वहदान त्याच्या डोक्यावर उभा राहिला. शाझलीने पोलाद दोनशेवर तापवलं, ठरलेल्या तापमानाला वितळणाऱ्या खडूने पारखलं, रॉड लावला. धार अशी सरळ गेली की वहदानच्या अधू डोळ्यांनाही ती ओळखू आली. असाच हात एके काळी त्याचा होता.

"हा उकलायचा नाही," तो रीहामला बाजूला घेऊन म्हणाला. "मी समोर उभा होतो ना! मी नसताना हा काय करतो, ते बघायला हवं."

रीहामने वही पुढे केली. "हे बघा. उकललेले तिन्ही जोड दहा ते बारामध्ये दिलेल्या रॉडचे आहेत. सातचे नाहीत, बारानंतरचे नाहीत. दहा ते बारा काय होतं, उस्ता?"

वहदानचे डोळे चमकले. ओव्हन! कोणीतरी त्याचा ओव्हन उघडत होतं. दुसरी किल्ली बनवली होती, हरामखोरांनी! आत पाणी शिंपडत असतील, नाहीतर तापमानाचा काटा खाली आणत असतील. आणि दहाला येणारा माणूस कोण? शाझली!

समितीच्या दिवशी सकाळी सातला त्याने रॉड वाटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी डोळ्यांच्या दवाखान्यात चाललो. बारापर्यंत कोठी बंद." पुढून कुलूप लावलं, मागच्या दाराने आत शिरला आणि मांडण्यांच्या मागे खोक्यावर दबा धरून बसला. डब्याची पिशवी मांडीवर, डोळे ओव्हनवर.

आठ वाजले. उंदीरसुद्धा फिरकला नाही. साडेआठला पावलं वाजली. कोणीतरी कुलूप हलवून बघितलं. वहदानने श्वास रोखला. आलास का रे, लबाडा!

"उस्ता?" शाझलीचा आवाज. "उस्ता, आहात का?" थोडा वेळ थांबून तो निघून गेला. वहदान हळहळला. याला कोणीतरी सावध केलेलं दिसतंय.

नऊ वाजले. डबा गरम करायची वेळ झाली. वहदान उठला, पिशवीतून डबा काढला. घेवड्याची पातळ उसळ, वर जिरं, लसूण, लिंबू. सोबत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या रोट्या, मऊ राहाव्यात म्हणून. गळ्यातली किल्ली काढून त्याने ओव्हन उघडला आणि डबा रोट्यांसकट रॉडच्या खालच्या खणात सरकवला. दीडशेवर उसळ करपते, रोटीचा पापड होतो, म्हणून त्याने काटा फिरवून सत्तरवर आणला. रोजच्यासारखा. बाराला डबा काढायचा आणि काटा परत दीडशेवर.

बोटं काट्यावर होती, तिथेच थांबली.

त्याने ओव्हनचं दार लावलं. मग पुन्हा खोक्यावर जाऊन बसला आणि अर्ध्या तासाने ओव्हनचं दार उघडलं. चष्म्यावर वाफ चढली. गेला महिनाभर तो रोज दुपारी हा चष्मा पुसत होता आणि सुवेझच्या दमट हवेला शिव्या घालत होता.

बरोबर एक महिना. त्याआधी कोठीबाहेर गॅसची शेगडी होती, सगळे तिथेच जेवण गरम करायचे. कोणीतरी गॅस चोरतंय असा संशय येऊन ती शेगडी उचलायला लावली ती यानेच. ओव्हनमध्ये अन्न ठेवाल तर हात तोडीन, असा दम दिला तोही यानेच. आणि स्वतःचा डबा? स्वतःचं काय, आपलं झाकण घट्ट असतं.

बाकीचे आळशी, सातलाच सगळे रॉड नेऊन मोकळे व्हायचे, म्हणून वाचले. शाझली नियमाने थोडे थोडे न्यायचा. तो नियमही वहदाननेच लिहून भिंतीला चिकटवला होता.

मनात एक विचार आलाच, खोटं कशाला सांगू? डबा काढावा, काटा दीडशेवर न्यावा, उद्यापासून गार खावं. जोड उकलायचे थांबतील, आणि लोक म्हणतील, बघा, सईदी गेला आणि बरकत आली. पेन्शनला दोन वर्षं उरलीत. कोणाला काय कळणार आहे? कोणालाच नाही. चौकशीचा कागद तर काय, तो कशालाही दोष देतो.

तेवढ्यात त्याला खलफ आठवला. त्या दिवशीही असाच कोणीतरी भला माणूस आपला दोष धातूवर ढकलून घरी जाऊन जेवला असेल. वहदानला स्वतःची किळस आली.

बाराच्या ठोक्याला तो समितीच्या खोलीत शिरला. टेबलाशी रीहाम, मुख्यालयातून आलेले दोन साहेब, आणि समोर खुर्चीच्या कडेवर शाझली, हातात कार्ड. वहदानने डबा टेबलावर आदळला. झाकण उडालं आणि लसणीचा वास सुटला.

"हा घ्या तुमचा चोर," तो म्हणाला.

"उस्ता, जेवण नंतर," एक साहेब म्हणाला.

"जेवण नाही, साहेब. गुन्हेगार आहे!" त्याचा आवाज फाटला. "रोज नऊ ते बारा हा माझ्या ओव्हनमध्ये होता. मी ठेवला. काटा मी खाली आणला. रॉड मी ओले केले आणि याच्या हातात दिले. धातूने नाही, शाझलीने नाही. मी! लिहा, लिहा तिथे, ओल्या रोटीसकट लिहा!"

रीहामने डब्याकडे बघितलं, मग वहीकडे, मग हळूच वही मिटली. "शाझली, कार्ड खिशात ठेव," ती म्हणाली. मग वहदानकडे वळून तिने हात पुढे केला. "उस्ता, किल्ली."

सुतळी डोक्यातून काढताना ती चष्म्यात अडकली. शाझलीने उठून ती सोडवली.

बाहेर आल्यावर दोघं भिंतीच्या सावलीत उभे राहिले. वहदानला त्याच्याकडे बघवेना. "सकाळी आला होतास," तो म्हणाला. "कशाला?"

"सांगायला. त्या तिसऱ्या जोडाला मला रॉडला लसणीचा वास आला होता. वाटलं, भास असेल. काल दोन वाजता घेतलेल्या रॉडला तो नव्हता, तेव्हा खात्री पटली. कोणीतरी तुमच्या नकळत ओव्हनमध्ये डबा ठेवतंय. काल संध्याकाळी सगळ्यांचे डबे हुंगले, उस्ता. फत्हीचा, रिझ्कचा, पहारेकऱ्याचासुद्धा. लोक म्हणाले, सईदी आता खरकटं हुंगायला लागला."

"आणि माझा?"

"तुमचा?" शाझलीने त्याच्याकडे नवल करत बघितलं. "तुमचा कशाला हुंगू? तुमच्यावर कोण संशय घेईल?"

वहदानने तोंड फिरवलं. चष्मा काढला आणि पुसत राहिला. त्यावर वाफ नव्हती.