मोतीबाईची हजेरी

आमच्या पुसेगावच्या शिवारात हळदीच्या कामाच्या टोळ्या पाच-सहा असतील, पण मोतीबाईच्या टोळीत घुसायला बाया दिवाळीपासून नंबर लावतात. मी निर्मला. सात वर्षं तिच्या टोळीत हाय, म्हणून सांगते, अशी बाई तुमी पाहिली नसेल. तांड्यावरची, पन्नाशीची, उंची बेताची. आवाज मात्र असा का या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरचे बैल थांबतात. तांड्यातल्या पोरी तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. आमी गावातल्या बाया मोतीबाईच म्हणतो, पण भेतो सारख्याच.

तिची एक रीत हाय. सकाळी टेम्पो निघायच्या आधी हजेरी घेती, अन् सांजच्याला परततानाही घेती. कागद न्हाई, पेन न्हाई, तिला लिवताच येत न्हाई. सोळा नावं तोंडपाठ. नाव घेतलं का ज्या त्या बाईनं 'हाय' म्हणायचं. एकदा मी तिच्या नाकासमोर बसलेली, म्हणून नुसती मान हलवली. तर म्हणती, "मान बैल बी हलवतो. तू बोल." सोळा 'हाय' आले का मगच टेम्पो हलायचा.

मागच्या माघात सटवाजीच्या शेतात हळद शिजवणं चाललं होतं. शिजवायचा कुकर भाड्यानं येतो, याच्या शेतातून त्याच्या शेतात फिरतो, म्हणून हरेक मालकाला घाई. सांज व्हायला आली अन् एक खेप उरली. सटवाजी म्हणाला, "एक बाई ठेवा. एवढी शिजली का मी सोडतो घरी." मोतीबाईनं ज्योतीला ठेवलं. ज्योती आमच्या गावातली, तेवीस वर्षांची, नवरा पुण्याला कामाला, हात असा चालतो का पाहात राहावं. त्या दिवशी पंधराच 'हाय' आले, अन् टेम्पो हलला.

सटवाजी भाकर खायला घरी गेला, कुकरवाला पाणी आणायला गेला, अन् तिथं सटवाजीचा पुतण्या आला, मुन्ना. सव्वीस वर्षांचा घोडा. त्यानं ज्योतीला शेडमागं ओढलं, तिचं झंपर फाडलं. तिनं त्याच्या हाताला असा चावा घेतला का दात रुतले, अन् जी पळाली ती थेट तांड्यावर, मोतीबाईच्या दारात. मोतीबाईनं आपली ओढणी तिच्या अंगावर टाकली अन् त्याच पावली तिला ठाण्यात नेलं. तक्रार लिहून झाली.

मग गावानं तोंड उघडलं. बाई सांजच्याला शेतात थांबली काहून? सगळ्यांशी हसून बोलती म्हणे. नवरा इथं राहत न्हाई म्हणे. एका हातानं टाळी वाजती का? मुन्नाचं नाव कोनी घेईना. त्यानं काय केलं याच्यावर गाव आंधळं झालं, अन् हिनं काय घातलं होतं ते मात्र सगळ्यांना दिसलं होतं. माझं तर रक्त उकळून राहिलं होतं, असं सांगायला आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? मी बी दुसऱ्या दिवशी ज्योतीच्या घरी गेले, अन् माझ्या तोंडातून पहिलं काय निघालं? "अगं, तू थांबलीच काहून?" तिनं माझ्याकडं पाहिलं अन् भिंतीकडं तोंड केलं. ती नजर अजून मला जेवू देत न्हाई.

पाच दिवसांनी ती कामावर आली. हजेरीत तिचं नाव आलं. ती गप. मोतीबाई थांबली, पुन्हा नाव घेतलं. ज्योती खाली पाहात बसली. मोतीबाईनं तिला बैलाची गोष्ट ऐकवली न्हाई. पुढचं नाव घेतलं.

तिकडं सटवाजीनं पोलिसांना सांगून टाकलं, त्या दिवशी मुन्ना दिवसभर हिंगोलीला होता. पाहणारं दुसरं कोनी न्हाई. म्हणजे ज्योतीच्या बाजूनं बोलायला एकटी ज्योती, अन् तिचं तर तोंडच मिटलेलं. मग तिला पारावर बोलावलं, तक्रार मागं घे म्हणून. म्हातारा ग्यानोबा बोलला, गावात त्याचं लोक ऐकतात. "पोरी, चांगली बाई दिवेलागणीला घरात असती. परक्या माणसाच्या शेतात थांबली, मग दोष कोनाला द्यावा?"

मोतीबाई उठली. "तिला काय इचारता, मला इचारा. तुमच्या हळदीपायी मी ठेवली तिला. माझी एक चूक झाली, पंधरावर टेम्पो हलवला. तिची एक बी न्हाई." मग ती म्हणती, "पण ग्यानोबा, तुमचं बराबर हाय. चांगल्या बाईनं परक्या माणसाच्या शेतात थांबू न्हाई, दिवेलागणीला घरात असावं. पटलं मला. उद्यापासून आमी समद्या चांगल्या." मला वाटलं, हिनं हात टेकले. असा राग आला का सांगू नका.

दुसऱ्या दिवशी काम ग्यानोबाच्याच शेतात. टेम्पो बांधाला लागला. आमी उतरायला लागलो तर मोतीबाईनं हात आडवा केला अन् हाक मारली, "मालक, शेतात कोनी पुरुष माणूस हाय का?"

"मी हाय, माझा पोरगा हाय, कुकरवाला हाय. काहून?"

"मग उतरता येत न्हाई. उद्या दोष आमचा निघल. तुमी घरी जा, मग आमी उतरतो."

अगं बाई, काय सांगू. आमी तोंडात पदर कोंबून हसलो. ग्यानोबा आधी हसला, मग चिडला, मग बांधावर येरझाऱ्या घालायला लागला. दोन तास आमी टेम्पोत बसून. शेवटी स्वतःच्या शेतातून म्हातारा पोराला घेऊन घरी गेला, अन् कुकरवाल्याला मोतीबाईनं पन्नास पावलं लांब बसवलं. तिथून तो ओरडून सांगायचा, आता वाफ सोडा, आता झाकण काढा. चारच्या ठोक्याला आमी हात धुतले. निम्मा ढीग कच्चाच. "दिवेलागणीला घरात पोचायचं हाय," मोतीबाई म्हणाली अन् टेम्पोत बसली.

तिसऱ्या दिवशी साऱ्या टोळ्यांनी हेच केलं. कोनी सांगितलं न्हाई, निरोप न्हाई, बायांना बराबर कळलं. शिवारभर काढलेली हळद पडून. ढिगात हात घातला तर गरम लागायला लागला, म्हणजे आतून सडायला लागली. मालक लोक एकमेकांच्या अंगावर येऊन राहिले. अन् हे त्यांचंच वाक्य, एक शब्द आमी वाढवला न्हाई. इतक्या वर्षांत मला कामावर जायला एवढी मजा कधी आली न्हाई.

पाचव्या दिवशी सकाळी सटवाजी तांड्यावर आला. दुसऱ्या वावरातली त्याची सारी हळद उघड्यावर पडलेली. सोबत बायको शालूबाई, डोक्यावर पदर. आमी हजेरीला जमलेल्या. सटवाजी म्हणाला, "मोतीबाई, काय पाहिजे ते बोल."

"पुतण्या त्या सांजच्याला कुठं होता, तेवढं ठाण्यात खरं सांगा."

"हिंगोलीला होता."

"न्हाई." बोलली शालूबाई. नवऱ्यासमोर तिचा आवाज आमी कधी ऐकलेला न्हाई, त्यामुळं आधी कोन बोललं तेच कळेना. "माझ्या ओसरीत होता. हाताचं रगत मी धुतलं. कुत्रं चावलं म्हणाला. दाताच्या खुणांत हळद मीच भरली." ती आपल्या तळहाताकडं पाहात होती. "कुत्र्याचा चावा मला कळतो. ते माणसाचे दात होते. तवाच कळलं, अन् मी गप बसले. वरून शेजारणीला म्हनलं, ही बाई थांबली काहून."

"घरी चल," सटवाजी म्हणाला.

"तुमी जा. मी ठाण्यात जाते."

सटवाजी तिथंच उभा राहिला. शालूबाई टेम्पोकडं आली, आमी तिला हात देऊन वर घेतलं. त्या दिवशी टेम्पो ठाण्यात जाणार, कामाला कोनीच न्हाई, तरी मोतीबाईनं हजेरी घेतली. माझं नाव, बाकीच्यांची नावं. मग "शालूबाई". तिला रीत ठाऊक न्हाई, मी कोपरानं ढोसलं. "हाय म्हणा."

"हाय."

शेवटी मोतीबाईनं नाव घेतलं. "ज्योती."

ज्योतीची नजर खालीच. ड्रायव्हरनं गाडी चालू करून ठेवली होती. या खेपेला मोतीबाई पुढं जाईना, अन् पुढं नाव बी उरलं नव्हतं. ज्योती माझ्या समोर बसलेली. माझ्यानं राहवलं न्हाई. मी म्हनलं, "ज्योती, मी तुला चुकीचं इचारलं गं. ते त्याला इचारायचं होतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग मोतीबाईकडं पाहिलं.

"हाय," ती म्हणाली. मागं उभ्या सटवाजीला बी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

सतरा झाले. मोतीबाईनं टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारली अन् म्हणाली, "हलव."