माठाच्या तळचा गाळ

दौलतमामा गेल्याचं कळलं तेव्हा मी बाळापूरच्या घरी ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. त्यांचा नातू अकोल्याहून आला आणि दारातूनच म्हणाला, "आबा गेले. सकाळी चहा पेले, माठात डोकावले, अन् खाटेवर टेकले ते..." मला रडू आलं आणि त्याच क्षणी हसूही फुटलं. शेवटची नजर त्या माठावर! या माणसाकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. आता दीड महिना झाला, अजून ते हसू आणि रडू वेगळं करता येत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. अकोल्याच्या जुन्या शहराजवळ, मोर्णा नदीच्या काठी त्यांचा भाजीचा मळा होता. घरचा दंडक असा की बाजारात न्यायची भाजी आधी चार पाण्यांतून काढायची. मुळाला मातीचा कण दिसला तरी आजोबा जुडी परत धुवायला लावत. मी अमरावतीला कॉलेजात जीवशास्त्र शिकायला गेलो, तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं. त्याच वर्षी मामा तिथल्या प्रयोगशाळेत हंगामी गडी म्हणून लागले. मळ्यात भावांची गर्दी झालेली, नुकतंच लग्न झालेलं, त्यामुळे ही नोकरी पक्की व्हावी म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागलेला. वर्गात मी त्यांना मामा म्हटलं की मुलं हसत, आणि मामा त्यांच्याहून मोठ्याने हसत.

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी सरांनी त्यांना वडाळीच्या तलावातून शेवाळ आणि कुजकी पानं आणून बरण्यांत ठेवायला सांगितलं. आम्हाला त्यात अमिबा शोधायचा होता. अमिबा म्हणजे एका पेशीचा जीव. ना तोंड, ना पाय. अंगाचाच एक भाग पुढे सारून चालतो आणि त्याच भागाने वेढा घालून घास गिळतो. राहायला त्याला पानांवरचा बुळबुळीत मळ आणि तळचा गाळ लागतो. हे सगळं मामांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी टोपलीभर माल आणला, वाटेत आपल्या खोलीवर थांबले, आणि सायबाच्या पुढ्यात घाण कशी न्यायची म्हणून पान न् पान चार पाण्यांतून काढलं. बरण्या अशा लखलखीत भरल्या की बघत राहावं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सरांनी थेंबामागून थेंब पाहिला. एकातही काही हललं नाही. ते चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "दौलत, तू भाजी आणलीस. उद्या नागपूरहून परीक्षक येतायत. अमिबा दिसला नाही तर सोमवारपासून येऊ नकोस." आता नवा गाळ आणायचा तर त्यात अमिबा सापडेलच याची खात्री नव्हती. बरणी दोन आठवडे मुरली तरच तो भरपूर मिळतो. मामांचा चेहरा मला पाहवेना.

मी त्यांच्यासोबत खोलीवर गेलो. मामी परसात अळूला पाणी घालत होती. मामा ओसरीवर मटकन बसले आणि झालं ते सांगितलं. मामीने तांब्या खाली ठेवला.

"काऊन रडून राह्यले? घाणच पायजे होती का सायबाले? मंग धुतल्याचं पाणी हाय नं माठात."

"पंधरा दिवसांचं? तू अळूले नाई टाकलं?"

"वरवरचं टाकलं. तळचा गाळ काऊन टाकू? माय म्हणे, गाळ राहू द्याव, मुरल्यावर खत होते."

कोपऱ्यात गळा फुटलेला रुंद माठ होता. तळाशी तपकिरी गाळ आणि त्याचा असा वास, की मी नाक धरलं आणि मामांनी माठच उचलून कवटाळला. तसेच आम्ही कॉलेजात धावलो. सरांनी एक थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शक लावला, काच इकडून तिकडे फिरवून पाहिली आणि बाजूला सरकले. "दौलत, आधी तू बघ." गड्याला त्या यंत्राला डोळा लावू देण्याची रीत नव्हती. मामा वाकले आणि पोरासारखे ओरडले, "सायेब, हे तं हालून राह्यलं!"

नोकरी पक्की झाली आणि मी पासही झालो. पण खरा निकाल लागला तो मामांचा. सबंध आयुष्य त्यांनी हालणाऱ्या जीवांच्या नादात काढलं. बुरशी शिकवायची असली की सर भाकरी ओलसर झाकून ठेवायला सांगत. मामा आधी त्या भाकरीच्या पाया पडत. मग काळी ठिपकेदार लव उगवली की आम्हाला दाखवत, "बीज हाय ते. हवेवर उडते अन् दुसऱ्याच्या भाकरीवर जाऊन बसते." भोपळ्याच्या पानावर पांढऱ्या बुरशीची भुरी आली की मळेकरी शिव्या देत. मामा भिंग लावून म्हणत, "ते बी पोटासाठीच आलं, बाप्पा." अमिबाचे एकाचे दोन होतात हे कळल्यावर तर चार दिवस हसत होते. "वाटण्या झाल्या, अन् भांडण नाई! आमच्या भावांले दाखवा हे."

निवृत्त होऊन अकोल्याला परतताना त्यांनी तो माठ आगगाडीत मांडीवर घेतला होता. डब्यातली माणसं नाकाला पदर लावून दूर सरकली, आणि मामांना ऐसपैस जागा मिळाली.

तेरवीच्या आधी सुनांनी सारं घर धुवायला काढलं. भांडी, चादरी, खाटा... धाकटीने माठालाही हात घातला. भिंतीशी बसलेली मामी तेव्हा उठली. "घर धुवा, सारं धुवा. वरचं पाणी अळूले टाका. तळचं राहू द्या, त्यांचं हाय ते."

निघताना तिने माझ्या हाती एक स्टीलचा तांब्या दिला, तळचा गाळ घातलेला. तो आता माझ्या खिडकीत आहे. मी शाळेतून शिक्षक म्हणून सेवानिवृत्त होताना विद्यार्थ्यांनी दिलेला जुना सूक्ष्मदर्शक काल पुसून काढला, एक थेंब घेतला आणि डोळा लावला.

मामा, हालून राह्यलं.