उमेदवारासाठी न उठलेला माणूस

माणसाकडे कमरेखालून पाहून त्याची सगळी कुंडली मांडणारा एकच मनुष्य या पृथ्वीतलावर झाला, आणि तो सक्करदऱ्याजवळच्या एका गल्लीत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, खड्ड्यात बसलेला असे. हा मनुष्य म्हणजे माझे बाबा. खड्डा हातमागाचा. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या पावड्या दाबतो, हे आमच्या गल्लीत कोणाला सांगावं लागत नसे. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणींना मात्र सांगावं लागलं असतं, म्हणून अकरा वर्षांत मी एकीलाही घरी आणलं नाही. दारातून येणाऱ्याला बाबा कमरेपासून वरचेच दिसत. कोणीतरी त्यांना अर्धं पेरून ठेवलंय आणि पाणी घालायला विसरलंय, असं वाटे. बाबांना मात्र येणारा खालून वर दिसे. आधी चप्पल, मग टाच, मग धोतराचा नाहीतर पँटचा काठ. चेहऱ्यापर्यंत पोचण्याआधीच त्यांचा निकाल लागलेला असे. "चेहरा बनवता येते, माय," ते मला सांगत. "टाच नाही बनवता येत." माझ्या आत्याला सांगून आलेलं एक स्थळ त्यांनी मुलाच्या टाचेवरून मोडलं होतं. त्या मुलाने पुढे दोन बायका केल्या हे कळल्यावर बाबा आठवडाभर इतके प्रसन्न होते, की आईला काळजी वाटायला लागली.

पूर्वी या खड्ड्यात बसून ते नऊवारी लुगडी विणत. मग बायकांनी लुगडी सोडली, विणकरांच्या सोसायटीने सूत देणं सोडलं, आणि मी मॅट्रिकला होते त्या वर्षी शेवटचं लुगडं मागावरून कापून उतरवलं. बाबांनी खड्डा मात्र सोडला नाही. सकाळी आठ वाजता आंघोळ करून, मागाला हात जोडून ते खाली पाय सोडत, मांडीवर पेपर घेत आणि पाचपर्यंत जगाची काळजी करत. आई त्याला ड्यूटी म्हणे. "रिकामा खड्डा माणूस मागते," असं बाबा त्यावर सांगत. ही म्हण मी दुसऱ्या कोणाच्याही तोंडून ऐकलेली नाही. खरं कारण मागाच्या फणीत होतं. विणकर कापड कापतो तेव्हा ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, वीतभर टोकं फणीच्या दातांत तशीच ठेवतो. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा एकेका जुन्या टोकाला पिळून जोडायचा, म्हणजे सगळा ताणा अलगद ओढून घेता येतो. ती टोकं काढली, तर हजारो धागे पुन्हा एकेक करून ओवावे लागतात. लहानपणी ही सांधणी माझ्याकडे असे, कारण माझी बोटं बारीक. चिमटीला राख लावायची, दोन धागे धरायचे, एक पीळ द्यायचा. शाळेत सिस्टर नखं तपासायच्या तेव्हा त्यांतल्या काळ्या राखेसाठी मी पेन्सिलीचं नाव सांगायची. शेवटचं लुगडं उतरून चार वर्षं झाली तरी ती टोकं फणीतून लोंबत होती, आणि आता या देशात काही बरं होणं नाही असं दिवसभर सांगणारा माणूस रोज सकाळी फडक्याने त्यांच्यावरची धूळ झटकत असे.

बाबांच्या निराशेत पक्षपात नव्हता. सरकार कोणाचंही आलं तरी ते त्यांना सारखंच वाईट वाटे. "राजधानी होती आपली," ते म्हणत, "आता हिवाळ्यात सरकार पाहुण्यासारखं येते, संत्री खाते अन् चाललं जाते." एकदा विणकरांच्या मोर्च्यात तेही गेले होते. लाठीमार झाला, पळापळ झाली, बाबा अनवाणी घरी आले. "सूत मांगाले गेलो, चपला देऊन आलो," एवढाच त्या आंदोलनाचा अहवाल त्यांनी दिला. रेडिओवरच्या बातम्या संपायच्या आत ते रेडिओ बंद करत, कारण शेवटी हवामान असतं आणि तेही काही चांगलं असणार नाही. दादा हिंगण्याच्या कारखान्यात लागला, कंपनीच्या बसने जाऊ लागला, तर त्याच्या नव्या बुटांकडे पाहून म्हणाले, "गुलामाले लेस बांधून पाठवून राहिले बाप्पा." माझ्या शिक्षणाचीही त्यांनी हीच गत केली. "तुले इंग्रजीत काहून टाकलं माहीत आहे? मराठीत सारे खोटं बोलून राहिले होते. म्हटलं, एखाद्या भाषेत तरी खरं चालत असन. तर तू कोणत्याच भाषेत बोलत नाहीस!" आणि म्हातारपणाबद्दल: "हे पुरासारखं खालून चढते. आत्ता गुडघ्यापर्यंत आलं आहे. कमरेच्या वर गेलं की समज."

ते गुडघ्यापर्यंत आलेलं मला एका संध्याकाळी कळलं. मी कॉलेजातून आले तेव्हा बाबा दोन्ही हात जमिनीवर रोवून बसले होते. "हात दे वं जरा, पाय झोपले," ते म्हणाले. पाय झोपले नव्हते, गुडघे गेले होते. खाली उतरता येई, वर येता येत नव्हतं. मी मागे उभी राहिले, त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. वर आल्यावर त्यांनी धोतर झटकलं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची चौकशी करावी तसं विचारलं, "पेपर कसा गेला?" त्या दिवशी माझा कुठलाही पेपर नव्हता. मग रोज पाच वाजता हे होऊ लागलं. "तुझ्या मायले सांगजो नको," त्यांनी बजावलं. "अन् दादाले तर बिलकूल नाही. त्याले फक्त निमित्त पाह्यजे." ते खरं होतं. दादाचं लग्न ठरत होतं. माग काढून, खड्डा बुजवून, खोलीत फरशी घालायची त्याची केव्हाची इच्छा होती, आणि बाबा "मी आहे तोवर नाही" एवढं बोलून पेपर उघडत. वडलांना वर येता येत नाही हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी मुरमाची गाडी दारात उभी राहिली असती. गोष्ट पोटात ठेवणं ही माझी एकमेव कला. ती मी वडलांच्या कामी लावली.

अशात निवडणूक आली आणि एका दुपारी उमेदवार आमच्या घरात शिरला. पाठोपाठ दहा-बारा माणसं, दारात सगळी गल्ली, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एकजण. उमेदवाराच्या पायांत पांढऱ्या चपला होत्या. बाबांनी त्यांचं सावकाश निरीक्षण केलं. "जुने कारागीर म्हणजे आमचे दैवत," उमेदवार म्हणाला. "उठा बाबाजी, तुमच्या गळ्यात हार घालतो, एक फोटो होऊन जाऊ द्या." बाबा हलले नाहीत. दोघा कार्यकर्त्यांनी "उठा ना, साहेब उभे आहेत" असं म्हणत हात पुढे केले. मी आतल्या दारात होते. बाबांची बोटं समोरच्या लाकडावर पांढरी पडलेली मला दिसत होती, आणि चार लोकांनी ओढून काढताना ते कसे दिसतील हेही दिसत होतं. काही बोलावं असं वाटलं, पण मी बोलत नसते, तशी तेव्हाही बोलले नाही.

"नाही उठत," बाबा म्हणाले.

कार्यकर्त्यांनी पुढे केलेले हात मागे घेतले.

"चार वर्षं झाले सूत नाही. सूत आणा, मंग उठतो."

दारातून कोणीतरी "वा रे बुढ्या!" असं ओरडलं आणि टाळ्या पडल्या. उमेदवार हार हातात घेऊन थोडा वेळ घुटमळला. वाकून घालावा तर मध्ये माग, आणि फोटोत त्याची पाठच आली असती. शेवटी तो हार मागाच्या लाकडाला अडकवून माणसं गेली. बाबांनी हाराचा दोरा चाचपून पाहिला. "कच्चा आहे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा सक्करदऱ्यात थोर झाले. नेत्यासाठी न उठलेला माणूस पाहायला लोक येऊ लागले. दिवाणखान्यात येतात तसे ते खड्ड्याभोवती बसत, भावाभावांचे वाद आणत, मत कोणाला द्यावं हे विचारत. बाबा प्रत्येकाला पूर्ण निराश करून पाठवत, आणि लोक समाधानाने जात. उमेदवार पडला, त्याचंही श्रेय गल्लीने बाबांना दिलं. दादा कारखान्यात वडलांचा किस्सा सांगू लागला आणि मुरमाचं नाव काढेनासा झाला. आणि रोज संध्याकाळी पाच वाजता, शेवटचा भक्त गेला की मी दार लोटत असे आणि या स्वाभिमानी पुरुषाला काखेत हात घालून बाहेर काढत असे. "लोक बी काय येडे असतात," ते धापा टाकत म्हणत.

त्या उन्हाळ्यात आई वर्षाची मिरची आणायला भिवापूरला मावशीकडे गेली होती. दादाची डबल ड्यूटी होती. मला कॉलेजनंतर एका शाळेच्या मुलाखतीला थांबावं लागलं. परत आले तेव्हा साडेसात वाजून गेले होते. घरात दिवा नव्हता. बाबा खड्ड्यात होते, सकाळी आठपासून. पेपरची घडी घालून बाजूला ठेवली होती.

"आज पेपर मोठा होता," ते म्हणाले.

मी दिवा लावला आणि त्यांना वर ओढलं. धोतर ओलं होतं.

"तांब्या सांडला वं."

तांब्या हाताशीच होता. सरळ उभा, त्यावर फुलपात्र उपडं घातलेलं. मी तो उचलला आणि जमिनीवर थोडं पाणी ओतलं. "हो, सांडलाय," मी म्हणाले. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मग भिंत धरत आत गेले.

मुलाखतीतली नोकरी मला मिळाली. शाळा भिवापूरची, राहायचं मावशीकडे. पत्र आलं त्या संध्याकाळी मी आईला आणि दादाला परसात बोलावून सगळं सांगितलं. एका दमात इतकं मी आयुष्यात बोलले नव्हते. दादा खाली मान घालून बसला. आई म्हणाली, "मले काय दिसत नव्हतं का वं? तुम्ही दोघं तिकडे ओढाताण करत होते, म्हणून मी इकडे रोज पाच वाजता भांडे वाजवत होती."

बाबांना दादाने सांगितलं. आरडाओरडा होईल म्हणून मी चुलीपाशी लपले होते. पुढच्या खोलीतून एवढंच ऐकू आलं, "तिनं सांगितलं का?" आणि मग, "बरं केलं. टाका मुरूम." फणीतली टोकं काढायला त्यांनी मलाच बोलावलं. मी राख घेऊन गेले, सवयीने. राखेचं काही काम नव्हतं. ती टोकं मी रुमालात बांधली आणि भिवापूरला नेलेल्या ट्रंकेत तळाशी ठेवली.

खड्ड्याच्या जागी फरशी आली आणि फरशीवर दादाने लोखंडी खुर्ची आणून ठेवली, प्लॅस्टिकच्या पट्टीने विणलेली. बाबांनी आधी तिच्यावर हात फिरवला आणि "याले विणणं म्हणते?" असं म्हणून उसासा टाकला. खरी अडचण उंचीची झाली. आता येणाऱ्याचा चेहराच थेट समोर येई. "चेहरे पाहून मले काहीच समजत नाही," त्यांनी मला पत्रात लिहिलं. "सारेच भले वाटून राहिले. हे मोठं धोक्याचं आहे."

पुढची निवडणूक आली तेव्हा मी रजेवर घरी होते. उमेदवार नवा होता, चपला त्याच पांढऱ्या. न उठणारा म्हातारा काय बोलतो हे ऐकायला गल्ली दारात दाटली. बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले, एकदा पुढे झुकले, आणि उभे राहिले. एकटे. हात जोडून त्यांनी हार घालून घेतला. कॅमेऱ्याचा लखकन् उजेड पडला.

"सूत आलं वाटते बुढ्याचं!" मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले आणि पांगले. पुन्हा वाद घेऊन कोणी आमच्याकडे आलं नाही.

बाबा खाली बसले. हार काढून त्यांनी तो माझ्याकडे दिला. "पाह्यलं का?" ते हळूच म्हणाले. "कोणी नाही ओढलं."

"पाहिलं, बाबा."

त्यांनी पेपर उघडला, देश कुठे चालला आहे ते मला थोडक्यात सांगितलं. खुर्चीखाली त्यांचे पाय फरशीवर एकामागून एक दाबले जात होते, डावा, उजवा, डावा. बऱ्याच वेळाने पेपरामागून आवाज आला.

"ते टोकं आहेत का वं तुझ्यापाशी?"

"आहेत."

"सूत काही येत नाही आता," बाबा म्हणाले. "पण फेकजो नको."