भोचक मॅडम

आमच्या मॅडमना अख्खं हॉस्पिटल पाठीमागे ‘भोचक’ म्हणायचं. हे त्यांच्या कानावर होतं आणि त्याचा त्यांना अभिमानच होता. किडनी बदलली की शरीरानं ती नाकारू नये म्हणून रोग्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते. मग एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले जंतूही डोईजड होतात. ते हुडकण्यात आणि आमच्यासारख्या ठोंब्यांना ते हुडकायला शिकवण्यात मॅडमची पंचवीस वर्षं गेली. आधी सर्जन मंडळी ‘तापवाल्या बाई’ म्हणून त्यांना उडवून लावायची. पुढे ताप हटेना की त्यांच्याच दाराशी उभी राहायची.

मी त्यांच्या हाताखाली नवी होते, तेव्हा एक शिंपीकाका तापानं दाखल झाले. आठ महिन्यांपूर्वी काकूंनीच त्यांना आपली किडनी दिली होती. मी दोघांना समोर बसवून तासभर माहिती घेतली आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, ‘निवृत्त’. डोकं दुखतंय म्हणाले, ते मी चष्म्याच्या नंबरावर ढकललं. मॅडम परगावी होत्या. तीन दिवस तपासण्या केल्या, हाती काही लागेना. ताप वाढत होता आणि काकूंनी दिलेली किडनी मंदावत चालली होती.

चौथ्या दिवशी मॅडम आल्या. माझा कागद वाचून म्हणाल्या, “निवृत्त म्हणजे? सकाळी उठून भिंतीकडे बघत बसतात का ते?”

त्या तडक काकांच्या खाटेशी गेल्या. काकूंना त्यांनी खालून जुनी फाइल आणायला पाठवलं. फाइल माझ्याच काखेत होती.

“आता बोला काका. त्यांना चोरून काय करता?”

काका दाराकडे बघत कुजबुजले, “गच्चीवर कबुतरं आहेत. ही म्हणते, देऊन टाका. पण ही बाजारात गेली की मी खुराडी झाडून घेतो. हिला सांगू नका हं!”

मॅडमनी त्याच दुपारी पाठीतून पाणी काढायला लावलं. कबुतरांच्या विष्ठेतून श्वासावाटे शरीरात शिरणारी बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली होती. संध्याकाळी औषध सुरू झालं. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. मॅडम एवढंच म्हणाल्या, “काकांना विचार आणि काकूंना तू सांग. आपले तीन दिवस कुणामुळे गेले, तेही सांग.”

काका नाइलाजानं हो म्हणाले. मी काकूंना सगळं सांगितलं, तीन दिवस माझ्यामुळे गेले तेही. काकूंनी ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं. पुढे दहा दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला फार लागलं, पण बोलायचं कोणत्या तोंडानं?

अकराव्या दिवशी ताप गेला होता आणि किडनीचे आकडेही सुधारले होते. मी रिपोर्ट दाखवला. काकूंनी तो दोनदा वाचला, डोळे पुसले आणि माझा हात धरला.

“चाळीस वर्षं संसार करतेय, अजून मला हा माणूस खरं सांगत नाही. तुम्हा डॉक्टरांना तर तीनच दिवस लागले, पोरी.”