आबाजींच्या पारावर ‘लोक’ नव्हते

आबाजींसमोर ‘लोक म्हणतात’ असं म्हणायची सोय नव्हती. पिंपळगाव राजाच्या अलीकडचं आमचं लहानसं गाव. मारुतीच्या पारावर बैठक बसली की मधोमध गावचे वडीलधारे आबाजी. कुणी लोकांचं नाव पुढे केलं की ते लगेच विचारत, "कोन लोक? नाव सांग, आत्ता बलावतो त्याले." समोरचा चाचपडू लागे. मग आबाजी हसत, "लोकाइचं राहू दे. तुले काय वाटते थे सांग." आणि एकजण बोलत असताना दुसऱ्याने सुपारी कातरलेलीही त्यांना खपत नसे.

सांडपाण्याच्या भांडणात त्यांचा सख्खा भाऊ एकदा म्हणाला, "सारं गाव माह्या बाजूनं हाय." आबाजींनी त्याला तिथेच अडवलं, "गाव इथंच बसेल हाय, तू तुया एकट्याचं बोल." भाऊ बरेच दिवस घुश्शात होता. आबाजी मात्र रोज त्याच्या ओट्यावर जाऊन हक्काने चहा पिऊन येत.

मराठी भाषकांचं नवं राज्य झालं त्या सुमारास मी चौथी पास झाले. पुढची शाळा पिंपळगावला, वाटेत नाला. गावातली एकही मुलगी तिकडे गेलेली नव्हती, म्हणून बाबांनी गोष्ट पारावर काढली. मी आईला चिकटून देवळाच्या भिंतीशी उभी होते. "लोक नावं ठेवतीन," कुणीतरी म्हणालं. आता आबाजी त्याला धरणार म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते स्वतःच म्हणाले, "गावाले हे काही पटनार नाही."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. आबाजींच्या लक्षात आलं. कानाची पाळी धरून ते म्हणाले, "चुकलो. गावाचं मले काय मालूम? मलेच भेव वाटते. नाल्याले पूर येते. पोरीले काही झालं त मले झोप लागनार नाही."

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. आई बोलत होती. पुरुषमाणसांत ती आजवर कधी बोलली नव्हती; आबाजींना ती सासऱ्याच्या मानाने मामाजी म्हणे.

"भेव मलेबी वाटते, मामाजी. पन मले तिले शिकवाची हाय."

मला रडू आवरेना. बाबा म्हणाले, "सकाळी नाल्यापार मी करून देतो." आबाजी म्हणाले, "मंग परतीले मी." नावं ठेवणाऱ्या लोकांची काळजी करणारा तो गृहस्थ ओशाळून म्हणाला, "माहं सोताचं म्हनाल, त काहीच म्हननं नाही."

पावसाळाभर आबाजी काठी घेऊन नाल्यावर उभे असत. पाणी घोट्याएवढं असलं तरी माझा हात सोडत नसत. पुढच्या वर्षी आणखी दोघी माझ्यासोबत आल्या, तेव्हा कुणाचा हात धरायचा यावरून आबाजींची मोठीच पंचाईत झाली.

मॅट्रिक होऊन मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी बुलढाण्याला निघाले, तेव्हा ते फाट्यापर्यंत आले. पेटी एसटीत ठेवून दिली. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"भेव अजून गेलं नाही माहं," ते म्हणाले. "पन तू जाय, बेटा."